रात्रपाळीच्या निवेदकाला ‘विक्षिप्त’ म्हणण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत रॉक संगीताच्या रेडिओ केंद्रांवर रात्रभर गाणी लावणाऱ्या परदेशी निवेदकांविषयी एक सविस्तर लेख आला होता. त्याच्या मथळ्यात ‘विक्षिप्त डीजे’ हे दोन शब्द ठळक टायपात होते. आमच्या गिरगावातल्या चाळीत शेजारच्या वहिनींनी तो मथळा पाहिला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या दणदणाटावर अखेर कोणीतरी लिहिले, अशा समाधानाने पुरवणी उघडली. दोन परिच्छेद वाचून झाल्यावर ‘हे तुमच्यासाठी दिसतंय भाऊ’ असे म्हणत त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. चूक वहिनींची नाही. मराठीत ‘डीजे’ हा शब्द आता माणसाला लागू पडत नाही, तो ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीला लागू पडतो. म्हणून या पत्रात मी ‘निवेदक’ हाच शब्द वापरतो. तोही अपुराच आहे, कारण ज्यांच्याविषयी मला लिहायचे आहे ती माणसे निवेदन करीत त्यापेक्षा निवड अधिक करीत.

माझी खरी हरकत मात्र ‘विक्षिप्त’ या विशेषणाला आहे. मी चौतीस वर्षे फोर्टमधल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो आणि त्यांतली बहुतेक वर्षे रात्रपाळीत गेली. काना-मात्रेइतकाच शब्दाचा नेमकेपणा तपासण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. लेखात एकामागून एक किस्से आहेत. कोणी ध्वनिक्षेपकासमोर लांडग्यासारखे ओरडे, कोणी तबकडी चुकीच्या गतीवर लावी, कोणी मध्यरात्री बासरीच्या सुरांवर कविता वाची. किस्से खरे आहेत, पण ते ज्या रीतीने ओवले आहेत त्यावरून वाचकाचा समज असा होतो की ही मंडळी मुळातच तऱ्हेवाईक होती आणि रेडिओने त्यांना थारा दिला. माझ्या मते घडले ते उलट. रेडिओच्या मालकांनी रात्र अक्षरशः वाऱ्यावर सोडली होती, आणि त्या बेवारस वेळेत जो कोणी येऊन बसला त्याला पुढचे गाणे स्वतःच्या पसंतीने लावता आले. ज्याला आपण विक्षिप्तपणा म्हणतो तो त्या एका अधिकाराचा बाहेरून दिसणारा भाग आहे. तो अधिकार हातात असेपर्यंत या लोकांची कारकीर्द चालली आणि तो काढून घेतला गेला तेव्हा ती संपली, मग माणूस त्या खुर्चीवर आणखी कितीही वर्षे बसलेला असो.

रात्र बेवारस का होती, हे लेखात यायला हवे होते. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एफएमला फारसे कोणी विचारत नव्हते. ज्याच्याकडे मध्यम लहरींवरचे चालते केंद्र असे, तोच बहुधा एक एफएम परवानाही बाळगून असे आणि एकच कार्यक्रम दोन्हीकडे सोडून देई. रेडिओवर देखरेख करणाऱ्या तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी आयोगाने १९६४ साली नियम केला की एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफएम केंद्राने निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्या केंद्राची नक्कल करू नये. १९६७ च्या आरंभी तो प्रत्यक्ष लागू झाला आणि मालकांपुढे प्रश्न उभा राहिला की उरलेले तास भरायचे कशाने. पैसे खर्च करण्याची कोणाचीच तयारी नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या डबघाईला आलेल्या केंद्रावर लॅरी मिलर नावाच्या निवेदकाला मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतची पाळी मिळाली ती या परिस्थितीत, आणि त्याने लोकसंगीत व रॉक एकत्र करून आपल्या मनाने वाजवायला सुरुवात केली. त्यानंतर काही आठवड्यांनी, ७ एप्रिल १९६७ रोजी, टॉम डोनाह्यू हा निवेदक तिथे आला. त्याआधी या केंद्राला त्याने फोन केला तेव्हा केंद्राचा टेलिफोन बिल न भरल्यामुळे बंद होता, आणि ज्यांच्याकडे टेलिफोनचे पैसे नाहीत ते आपले म्हणणे ऐकतील, असा हिशेब त्याने केला, असे सांगतात. पुढे मार्च १९६८ मध्ये याच केंद्राचे कर्मचारी मालकांच्या हस्तक्षेपाविरुद्ध संपावर गेले. गाणे कोणी निवडायचे या मुद्द्यावरही संप झालेला आहे, हे गिरणगावाच्या या शहरात नमूद करावेसे वाटते.

लेखात ॲलिसन स्टील यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या आहेत, त्याही त्यांच्या आवाजाच्या मादकतेविषयी. हे मला सर्वांत खटकले. त्यांची कारकीर्द या साऱ्या विषयाची किल्ली आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम या १०२.७ मेगाहर्ट्झवरच्या केंद्राने १९६६ साली सर्व निवेदक स्त्रियाच असाव्यात असा प्रयोग केला. त्यामागे स्त्रियांविषयी आदर वगैरे नव्हता; काहीतरी नवे करून लक्ष वेधायचे, इतकाच हेतू होता. वर्ष-सव्वा वर्षात तो गुंडाळला गेला. केंद्राने रॉक संगीताची वाट धरली आणि त्या साऱ्या स्त्रियांपैकी एकट्या स्टील यांना ठेवून घेतले. त्यांना रॉकची विशेष माहिती नव्हती, हे त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितलेले आहे. १९६८ च्या सुरुवातीला त्यांना रात्रीची पाळी दिली गेली. काय वाजवायचे, काय बोलायचे, याविषयी वरून काहीही सूचना नव्हत्या. आपल्याकडे नव्या नोकराला असे म्हणतात की ‘बघा तुम्हीच काय ते’, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा असतो की आम्हाला त्याचे सोयरसुतक नाही.

त्या बाईंनी त्या बेफिकिरीतून एक अख्खी रात्र उभी केली. त्यांनी स्वतःला ‘नाइटबर्ड’ म्हणवले. मराठीत आपण रातपाखरू म्हणू. कार्यक्रम सुरू होई तो अँडीज पर्वतातल्या बासरीच्या सुरांवर, आणि त्यावर पंखांच्या, चंद्रावरून सरकणाऱ्या सावलीच्या, रात्रीच्या निमंत्रणाच्या ओळी त्या संथपणे म्हणत. मग कविता, कधी बायबलमधला उतारा, आणि त्यातून न तुटता पुढे जाणारे गिटारचे लांबलचक गाणे. आपल्या लेखकाने याला नाटकीपणा म्हटले आहे. मी रात्रपाळी केलेला माणूस म्हणून सांगतो की रात्री अडीच वाजता मनुष्याची ऐकण्याची तऱ्हा वेगळी असते. दिवसा जे अघळपघळ वाटेल ते त्या वेळी अंगाला बसते, आणि दिवसाचा खणखणीत, घाईचा, हसरा आवाज त्या वेळी नकोसा होतो. कीर्तनकाराला हे पक्के ठाऊक असते. पूर्वरंगाचा आवाज आणि उत्तररंगाचा आवाज तो एक ठेवीत नाही. स्टील यांनी रात्रीचा आवाज शोधून काढला, आणि ‘बिलबोर्ड’ या संगीत व्यवसायाच्या नियतकालिकाचा एफएम निवेदकासाठीचा वार्षिक सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९७९ मध्ये त्या केंद्रातून बाहेर पडल्या. नंतर दूरचित्रवाणीवर निवेदन केले, बहिणीबरोबर मॅनहॅटनमध्ये केवळ मांजरांच्या वस्तूंचे दुकान चालवले (विक्षिप्तपणाच हवा असेल तर लेखकाने हा तपशील घ्यायला हवा होता), आणि पुन्हा न्यूयॉर्कमधल्याच दुसऱ्या एका रॉक केंद्रावर पहाटेच्या पाळीला रुजू झाल्या. २७ सप्टेंबर १९९५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या.

आता या विषयात बोलण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील, म्हणून थोडे स्वतःविषयी. आमच्या छापखान्यात रात्री दहानंतर वरिष्ठ मंडळी घरी जात आणि शहर आवृत्तीची पाने सुटेपर्यंत ऱ्हस्व-दीर्घाचा शेवटचा शब्द माझा असे. गॅलींच्या मांडणीवर माझा एक फिलिप्सचा ट्रान्झिस्टर होता. त्याच्या एरियलला तांब्याची तार बांधून ती मी खिडकीच्या गजाला गुंडाळत असे. अक्षरजुळणीचे लायनो मशीन चालू असले की त्याची मोटर लघुलहरींवर अशी खरखर उठवी की काही कळत नसे. ऑपरेटर चहाला उठला की आवाज स्वच्छ येई. म्हणजे माझे संगीतश्रवण दुसऱ्याच्या चहावर अवलंबून होते. अशाच एका चहाच्या वेळी, १९७९ च्या पावसाळ्यात, बीबीसीच्या जागतिक सेवेवर मी पहिल्यांदा जॉन पील या निवेदकांना ऐकले. तो कार्यक्रम अर्ध्या तासाचा असे. आवाज दर मिनिटाला दूर जाई आणि पुन्हा जवळ येई, जणू कोणी समुद्रावरून बोलतो आहे. मला त्या संगीतातले ओ की ठो कळत नव्हते. मी वसंतराव देशपांड्यांच्या मैफलींना जाणारा माणूस. पण बोलणाऱ्याच्या आवाजात विकण्यासारखे काही नव्हते, हे पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आले. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी नवे काही सापडले म्हणून दाखवायला आणतो, तसे ते बोलत.

हे पील खरोखरच समुद्रावरून आलेले होते, हे मला फार नंतर वाचनातून कळले. १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या ‘गॅलेक्सी’ नावाच्या जहाजावरून ‘रेडिओ लंडन’ हे विनापरवाना केंद्र चाले. त्यावर मध्यरात्री बारा ते दोन ही वेळ पील यांच्याकडे होती. ती वेळ मालकांना इतकी बिनमहत्त्वाची वाटे की त्यांच्यापैकी कोणी ऐकतच नसे. पील यांनी हळूहळू ठरलेली यादी वाजवणे सोडले, मग जाहिराती सोडल्या, मग हवामानही सोडले, आणि कार्यालयाला याचा पत्ता लागेपर्यंत श्रोत्यांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला होता. त्याच वर्षी १४ ऑगस्टला नव्या कायद्यामुळे ते केंद्र बंद पडले. ३० सप्टेंबरला बीबीसीचे ‘रेडिओ वन’ सुरू झाले आणि पील तिथे गेले. तिथे ते ऑक्टोबर २००४ मध्ये पेरूमध्ये मृत्यू येईपर्यंत होते. सदतीस वर्षे. तबकडी चुकीच्या गतीवर लावण्याची त्यांची ख्याती या काळातली आहे, आणि तिचे कारण वेड नसून हे आहे की ते कोणीही कधी न ऐकलेल्या, घरगुती खर्चात काढलेल्या तबकड्या वाजवीत, ज्यांवर गती छापलेली असेलच असे नसे. चूक झाली की ती ते सांगून टाकीत. १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावच्या अंडरटोन्स या कोवळ्या पोरांच्या वाद्यवृंदाचे एक गाणे त्यांना इतके आवडले की त्यांनी ते लागोपाठ दोनदा लावले. आपल्या लेखकाने हा प्रसंग विक्षिप्तपणाचा कळस म्हणून दिला आहे. संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी माणसाने तरी असे म्हणू नये. बालगंधर्वांच्या पदाला प्रेक्षक वन्स मोअर देत आणि पद पुन्हा होई. इथे निवेदकाने स्वतःच रसिक होऊन तो दिला, एवढाच फरक.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारे एक उदाहरण लपवून ठेवणे बरे नव्हे. लांडग्यासारखे ओरडणारा वुल्फमॅन जॅक, ज्याचे खरे नाव रॉबर्ट स्मिथ, हा मूळचा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. त्याचा आवाज गाजला तो मेक्सिकोच्या हद्दीत, टेक्सासच्या सीमेला लागून असलेल्या सियुदाद अकुन्या गावच्या केंद्रावरून. अमेरिकेत मध्यम लहरींच्या केंद्राला ५० किलोवॉटची कमाल मर्यादा; हे केंद्र २५० किलोवॉटचे. सूर्यास्तानंतर आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युत्भारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा थर विरतो आणि मध्यम लहरी वरच्या थरावर आदळून शेकडो मैल दूर उतरतात, त्यामुळे रात्र पडली की एक माणूस एका खेड्यातून अर्ध्या अमेरिकेला ऐकू येई. गाण्यांच्या मध्ये तो टपालाने पोचवायची कोंबडीची पिल्लेसुद्धा विकत असे. तो दिसतो कसा हे बहुतेकांना जॉर्ज लुकासच्या १९७३ च्या एका चित्रपटात तो पडद्यावर आला तेव्हाच कळले. पण पुढे तो रोसारितो इथल्या दुसऱ्या सीमावर्ती केंद्रासाठी काम करू लागला तेव्हा स्वतः लॉस एंजेलिसमध्ये बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करी आणि फिती सीमेपलीकडे जात. म्हणजे रात्रीचा तो जिवंत वाटणारा हुंकार अनेकदा आदल्या दिवशीचा असे.

तरीही तो खोटा ठरत नाही, आणि हे आपल्याला अमेरिकेपेक्षा चांगले समजायला हवे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, व्यासंगी, आणि अभिजात संगीताचा इतका कैवारी की चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते उठून कोलंबोला गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा बुधवारचा कार्यक्रम सुरू झाला, जो मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि ज्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. मुंबईकराचा आवाज मुंबईकरालाच समुद्र ओलांडून परत ऐकू येई. त्या फितींना कोणी कधी बनावट म्हटले नाही, कारण शब्द आणि त्यांतला जिव्हाळा सयानींचा होता. आकाशवाणीला १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली ती या बुधवारांमुळे. मेक्सिकोची सीमा, उत्तर समुद्रातले जहाज आणि कोलंबो ही तिन्ही ठिकाणे एकाच कारणाने गाजली: घरातल्या रेडिओने जे नाकारले ते हद्दीबाहेरून आले. तेव्हा प्रश्न कार्यक्रम थेट आहे की फितीवरचा, हा नाहीच. पुढचे गाणे कोणाच्या मनात आधी वाजले, हा आहे.

हा अधिकार गेला कसा, ते फार लांबवण्याजोगे नाही. अमेरिकेत एफएमवर पैसा दिसू लागताच सल्लागार आले. ली अब्रॅम्ससारख्यांनी १९७० च्या दशकात श्रोत्यांची पाहणी करून गाण्यांच्या याद्या ठरवून देण्याची पद्धत केंद्राकेंद्रांत रुजवली आणि निवेदकाकडे उरली ती वेळ सांगण्याची कामगिरी. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठली, एका कंपनीकडे तर हजाराहून अधिक केंद्रे जमली, आणि एकाच माणसाने एका दुपारी दहा शहरांच्या रात्री बोलून ठेवण्याची सोय झाली. वुल्फमॅन जॅक १ जुलै १९९५ रोजी गेला आणि स्टील त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये; हे दोघांनाही पाहावे लागले नाही.

मुंबईत या प्रकारचा निवेदक का घडला नाही, हा प्रश्न आपल्या लेखात नाही, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो. रॉक ऐकणारे इथे नव्हते असे मुळीच नाही. रात्रपाळीला निघताना मी धोबीतलावावरून चालत जाई. तिथल्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाच्या वेळी जी तरुण गर्दी जमे, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि माझा भाचा तिच्यात घामाने निथळत उभा असे, हेही मला ठाऊक आहे. त्याच्या गिटारच्या तारा आणि कॅसेटी काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून येत, १९४० च्या दशकात उघडलेले ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. रंगभवन त्याआधीच शांतता क्षेत्राच्या नियमात सापडून मुके झाले होते, आणि आजूबाजूची रुग्णालये पाहता त्या नियमाला मी नावे ठेवणार नाही. खासगी एफएम केंद्रे मुंबईत २००२ मध्ये आली तेव्हा माझ्यासारख्यांना आशा वाटली होती. ‘गो ९२.५’ने तर इंग्रजी गाण्यांनीच आरंभ केला होता. पण हिशेब पाहा. त्या वेळच्या लिलावात मुंबईच्या एका परवान्याचे शुल्क वर्षाला पावणेदहा कोटी रुपये होते आणि ते दरवर्षी वाढत जाणार होते. ज्या मालकाला पहिल्या दिवसापासून एवढे देणे आहे, त्याच्यासाठी कोणताच तास बेवारस राहत नाही. २००५ च्या धोरणाने वार्षिक शुल्क जाऊन एकरकमी प्रवेशशुल्क आणि उत्पन्नातला चार टक्के वाटा अशी रचना आली, तोपर्यंत सगळ्यांना एकसारखी गाणी वाजवण्याची सवय जडली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या केंद्राचा फोन पैशांअभावी बंद होता म्हणून तिथे काही घडले. आमच्याकडे परवानाच असा महाग की रात्रही दिवसासारखीच विकावी लागली.

यातले एक मी स्वतः पडताळून पाहिले आहे. निवृत्तीनंतर झोपेचे गणित बिघडलेलेच राहिले, म्हणून एका खासगी केंद्राची गाणी रात्री ऐकत असे. एका रात्री लक्षात आले की काल दीड वाजता जी चार गाणी ज्या क्रमाने लागली होती, तीच त्याच क्रमाने पुन्हा लागली आहेत, आणि मधले निवेदिकेचे हसूही तेच. मी केंद्राला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका माणसाने उचलला. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला. मी तक्रार सांगितली. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, रात्री इथं कुणीच नसतंय. मी वॉचमन हाय. संध्याकाळीच सगळं मशिनला लावून जातेत.’ मागे कुठेतरी मृदंग वाजत होता. मी विचारले, हे काय चालू आहे? तर तो म्हणाला, मोबाइलवर कीर्तन लावले आहे. रेडिओ केंद्राच्या दारात बसलेला माणूससुद्धा ते केंद्र ऐकत नव्हता. फोन ठेवण्याआधी त्याने विचारले, ‘तुम्हाला कंचं गाणं पायजे होतं? सकाळी मॅडम आल्या की सांगतो.’ चार वर्षे ते केंद्र ऐकून मला गाण्याची फर्माईश विचारणारा तो एकमेव माणूस.

माझी सूचना साधी आहे आणि ती आपल्या पत्रामार्फत मुंबई आकाशवाणीपर्यंत जावी अशी इच्छा आहे. पील सदतीस वर्षे टिकले याचे मुख्य कारण त्यांचा पगार जाहिरातींतून नव्हे, परवाना शुल्कातून येत होता. आपल्याकडेही एकेकाळी माझे वडील दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना नूतनीकरण करून आणत. तो परवाना इतिहासजमा झाला तरी सार्वजनिक पैशावर चालणारे केंद्र आजही आकाशवाणीच आहे. रेनबो आणि गोल्ड या तिच्या दोन एफएम वाहिन्या मुंबईत आहेत. त्यांपैकी एकीवर आठवड्यातून एक रात्र, बारा ते तीन, एका माणसाच्या स्वाधीन करावी. गाण्यांची यादी कोणी तपासू नये. तो मराठीत बोलणारा असावा आणि त्याने रॉक वाजवावे. इंग्रजी गाण्यावर मराठी निवेदन विजोड वाटेल ही भीती निराधार आहे, कारण या शहरात दोन्ही भाषा एकाच डब्यात शेजारी बसून प्रवास करतात. ऐकणारे कोण, असे विचारले जाईल. रुग्णालयाच्या वॉर्डमधल्या परिचारिका, शेवटच्या लोकलनंतर रुळांवर उतरणारे रेल्वेचे कामगार, दादरच्या फूलबाजारात पहाटेची वाट पाहणारे आडते, आणि आपल्या स्वतःच्या छपाई विभागातले लोक. पहिल्या सहा महिन्यांत त्या निवेदकाच्या हातून चुका होतील, काही रात्री कंटाळवाण्या जातील. स्टील यांच्याही गेल्या असतील.

दुसरी सूचना आपल्या वाचकांसाठी. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केंद्रावर १९६३ पासून मध्यरात्रीनंतर बोलणारे दिवंगत निवेदक बॉब फास यांच्या ध्वनिफितींचा प्रचंड साठा कोलंबिया विद्यापीठाने जतन केला आहे. आपल्याकडच्या रात्रीच्या निवेदनांचे काय उरले आहे, याचा शोध केंद्रांच्या कपाटांत घेण्यापेक्षा श्रोत्यांच्या माळ्यांवर घ्यावा, असे मला वाटते. ज्यांनी आकाशवाणीचे पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम, मग ते कोणत्याही वेळचे असोत, कॅसेटवर उतरवून घेतले असतील, त्यांनी त्या टाकून देऊ नयेत आणि त्यांवर तारीख आठवत असेल तर लिहून ठेवावी.

माझ्याकडे अशा दोन कॅसेटी आहेत. १९८० च्या सुमारास छापखान्यात ट्रान्झिस्टरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मी पील यांचा तो अर्धा तास तीन वेळा उतरवून घेतला होता. माझ्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून चिकट झाला आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने नवा पट्टा येत्या आठवड्यात मिळेल असे सांगितले आहे. तो बसला की आपल्या लेखकासाठी एक प्रत करून पाठवीन. दुसऱ्या कॅसेटच्या मागच्या बाजूला, एका गाण्याच्या ऐन मध्यात, ‘पान तीन सोडा’ असा जोरात आवाज ऐकू येतो. तो आमच्या फोरमनचा आहे. लेखकाने तो गाण्याचा भाग समजू नये.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
गिरगाव, मुंबई